विआल्ली, जानलुका

विआल्ली, जानलुका : (९ जुलै १९६४ – ६ जानेवारी २०२३). इटलीचा आघाडीचा फुटबॉलपटू आणि इंग्लंडमधील चेल्सी व वॉटफर्ड या क्लबांचा प्रशिक्षक. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये संघाची धुरा सांभाळणारा तो पहिला इटालियन होय.

त्याचा जन्म उत्तर इटलीतील क्रेमोना येथे एका सधन कुटुंबात झाला. गावच्याच क्रेमोनेसे या क्लबातून १९८० मध्ये त्याच्या कारकिर्दीला सुरुवात झाली. १९८४ मध्ये या क्लबाने सेरी आ या सर्वोच्च साखळीत प्रवेश मिळवला आणि त्याच वर्षी विआल्ली जेनोआच्या सांपदोरियाकडे गेला. तेथे रोबेर्तो मांचिनीबरोबर त्याची जोडी अशी जमली की लोक दोघांना ‘गोलचे जुळे’ म्हणू लागले. १९९० च्या कप विनर्स चषकाच्या (युरोपातील देशोदेशीच्या चषकविजेत्या क्लबांची स्पर्धा) अंतिम सामन्यात त्याने अँडरलेख्टविरुद्ध अतिरिक्त वेळेत दोन्ही गोल केले. पुढच्या हंगामात, वुयादिन बॉशकोव्हच्या मार्गदर्शनाखाली, सांपदोरियाने आपले आजवरचे एकमेव साखळी विजेतेपद मिळवले. त्यात १९ गोलांसह विआल्ली साखळीत अव्वल होता. २० मे १९९२ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर युरोपियन चषकाच्या (नंतरची चॅम्पियन्स लीग) अंतिम सामन्यात मात्र त्याने अनेक संधी दवडल्या आणि बार्सिलोनाने अतिरिक्त वेळेत १–० असा विजय मिळवला. त्या पराभवानंतर तो विक्रमी किमतीला युव्हेंटसकडे गेला. तेथे त्याने १९९५ चे साखळी विजेतेपद आणि कर्णधार म्हणून १९९६ चा चॅम्पियन्स लीग करंडक मिळवला. राष्ट्रीय संघाकडून तो ५९ सामने खेळला व त्यात त्याने १६ गोल केले.

डिसेंबर १९९५ मधील बॉसमन निकालामुळे करार संपलेल्या खेळाडूला युरोपात विनामूल्य क्लब बदलता येऊ लागला. त्याचा लाभ घेऊन विआल्ली १९९६ च्या उन्हाळ्यात लंडनच्या चेल्सीकडे आला. खेळाडू-प्रशिक्षक रूड गुलिटने त्याला वारंवार राखीव बाकावर बसवले. १९९७ च्या एफए चषकाच्या (इंग्लंडमधील बाद पद्धतीची स्पर्धा) अंतिम सामन्यातही तो अगदी शेवटी मैदानात उतरला. फेब्रुवारी १९९८ मध्ये गुलिटला दूर करून क्लबाने ३३ वर्षांच्या विआल्लीच्याच हाती संघ सोपवला. कालपर्यंतच्या सहकाऱ्यांपैकी कोणाला खेळवायचे आणि स्वतः खेळायचे की नाही, हे दोन्ही आता त्यालाच ठरवायचे होते. त्यासाठी लागणारा अनुभव त्याच्यापाशी नव्हता, आणि म्हणूनच पुढील तीन महिन्यांतील यश विशेष मोलाचे ठरते.

मार्चअखेरीस चेल्सीने मिडल्सब्रोला हरवून लीग चषक जिंकला. कप विनर्स चषकाच्या उपांत्य फेरीत इटलीच्याच विचेन्झाकडून पहिला सामना गमावल्यावर लंडनमध्ये ३–१ अशी बाजी पलटवली. १३ मे रोजी स्टॉकहोममधील अंतिम सामन्यात स्टुटगार्टविरुद्ध विआल्ली स्वतः आघाडीवर खेळत होता. त्याने बदली खेळाडू म्हणून पाठवलेल्या जानफ्रांको झोलाने मैदानात येताच काही सेकंदांत एकमेव गोल केला. युरोपीय करंडक जिंकणारा विआल्ली त्या काळचा सर्वांत तरुण प्रशिक्षक ठरला. ऑगस्टमध्ये चॅम्पियन्स लीग विजेत्या रेआल माद्रिदला नमवून युरोपीय सुपर चषकही मिळाला, आणि १९९८–९९ च्या हंगामात चेल्सी ७५ गुणांसह तिसरा आला. विजेत्या मँचेस्टर युनायटेडचे गुण ७९ होते. त्या हंगामाअखेरीस विआल्लीने खेळणे थांबवले.

२६ डिसेंबर १९९९ रोजी साउथॅम्प्टनविरुद्ध त्याने उतरवलेल्या सुरुवातीच्या अकरांत एकही ब्रिटिश खेळाडू नव्हता. इंग्लिश साखळीत हे प्रथमच घडत होते आणि त्यावर बरीच टीका झाली; सामना चेल्सीने २–१ असा जिंकला. बॉसमन निकालाने इंग्लंडचा खेळ किती बदलला हे दाखवण्यास याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. त्याच हंगामात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत चेल्सीने घरच्या मैदानावर बार्सिलोनावर ३–१ अशी मात केली, पण परतीचा सामना अतिरिक्त वेळेत ५–१ असा गमावला. मे २००० मध्ये जुन्या वेम्बलीवरील अखेरचा एफए चषक अंतिम सामना अॅस्टन व्हिलाविरुद्ध जिंकून त्याने प्रशिक्षक म्हणून चौथा, आणि ऑगस्टमध्ये साखळी विजेता व एफए चषक विजेता यांच्यातील चॅरिटी शील्डच्या रूपाने पाचवा करंडक मिळवला. तरीही नव्या हंगामातील पाच सामन्यांत एकच विजय मिळाल्यावर १२ सप्टेंबर २००० रोजी त्याला काढण्यात आले आणि क्लाउदिओ रानिएरी त्याच्या जागी आला. इतके करंडक देणाऱ्या प्रशिक्षकाला पाच सामन्यांच्या निकालावर निरोप देणे हे घाईचे होते.

२००१ मध्ये त्याने दुसऱ्या श्रेणीतील वॉटफर्डची जबाबदारी घेतली. तेथे ग्रॅहम टेलर या लाडक्या प्रशिक्षकाच्या जागी त्याला उभे राहायचे होते. संघ चौदावा आला आणि एका हंगामात करार संपुष्टात आणला गेला. त्यानंतर त्याने कोणत्याही संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारले नाही.

निवृत्तीनंतरही त्याचे वास्तव्य लंडनमध्ये राहिले. २०१७ मध्ये त्याला स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. उपचार चालू असतानाच २०१९ मध्ये तो इटलीच्या राष्ट्रीय संघाचा पथकप्रमुख झाला. प्रशिक्षक होता मांचिनी. ११ जुलै २०२१ रोजी नव्या वेम्बलीवर इटलीने इंग्लंडला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून युरो करंडक जिंकला, तेव्हा हे दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. दीड वर्षाने लंडनमध्येच, वयाच्या ५८ व्या वर्षी, विआल्लीचे निधन झाले.