ओठावरचे फोड आणि बिचारी शेंगाचटणी

परवा भाची ओढणीने तोंड झाकून आली. खालच्या ओठाच्या कडेला भिजवलेल्या साबुदाण्यासारखे चार-पाच पाणीदार फोड, एकमेकांना खेटून बसलेले. तिच्या आजीने निदान करून टाकलं, "उष्णता झालीय. आधी शेंगाचटणी बंद कर." शेजारच्या काकू म्हणाल्या, "चटणीनं नाही वो, रात्री कोळी मुतला असणार." सोलापुरात चटणी बंद म्हणजे जेवणाची निम्मी मजा गेली. म्हणून चटणीच्या वतीने हे चार शब्द.

ओठांच्या लाल भागावर खरा मुरूम येतच नाही. मुरमाला केसाचं मूळ लागतं. त्याला चिकटलेल्या ग्रंथीतलं तेल आणि मेलेल्या पेशी मिळून तोंडाशी बूच बसतं, आत जिवाणू वाढतात, सूज येते, पू होतो. लाल भागावर केस नाहीत, म्हणून मुरूम येतो तो ओठाच्या कडेला, कातडीवर. मेणचट लिपबाम तिथवर फासला की बूच आणखी पक्कं होतं. ओठावरच बारीक पिवळट ठिपके असतील आणि ते दुखत नसतील, तर त्या केसाविना असलेल्या तैलग्रंथी. फोरडाइसचे ठिपके म्हणतात त्यांना. तो आजार नव्हे, उगाच दाबत बसू नये.

भाचीचं प्रकरण वेगळं होतं. फोड यायच्या आदल्या दिवशी तिथे चुरचुरत होतं, आणि त्याआधी दोन दिवस ती भर दुपारी गावभर फिरली होती. हा हर्पिस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू, आणि माझा आवडता बदमाश. जगात ५० वर्षांखालच्या दर तिघांपैकी जवळपास दोघांच्या अंगात तो असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बहुतेकांना तो लहानपणीच, कुणाच्या तरी लाळेतून मिळतो.

गंमत पुढे आहे. ओठाच्या कातडीतून तो स्पर्श-वेदना कळवणाऱ्या चेतातंतूच्या टोकात शिरतो. त्या तंतूत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात आणि त्यावरून माल ओढणारी डायनीन नावाची प्रथिनं असतात. विषाणू आपल्याच या मालगाडीत बसून, कवटीच्या आत कानाच्या पुढे असलेल्या ट्रायजेमिनल गुच्छिकेत, म्हणजे चेतापेशींच्या गठ्ठ्यात, पोचतो. तिथे पेशीकेंद्रात त्याचा डीएनए गोल कडं होऊन पडून राहतो. जवळजवळ सगळी जनुकं बंद, त्यामुळे प्रथिनं नाहीत. आणि प्रथिनं नाहीत म्हणून आपल्या प्रतिकारशक्तीला पकडायला काही सापडत नाही. वर्षानुवर्षं असंच. मग ताप, जागरण, पाळी किंवा आपलं सोलापुरी ऊन निमित्त होतं. उन्हातले अतिनील किरण ओठाच्या कातडीतली पहारेकरी यंत्रणा ढिली करतात. गुच्छिकेतली जनुकं जागी होतात आणि नवे विषाणू माल ओढणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाने, कायनेसिनने, त्याच वाटेने ओठावर परततात. बहुधा त्याच जागी.

म्हणजे तापात असे फोड आले की 'ताप मुतला' म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांचं निरीक्षण चुकलं नव्हतं. कोळी मात्र निर्दोष आहे.

यावरचं असायक्लोविर हे औषध मला फार देखणं वाटतं. ते शोधणाऱ्या गटातल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल विभागून मिळालं. हे औषध पेशीत शिरतं तेव्हा निष्क्रिय असतं. त्याला पहिला फॉस्फेट जोडतं ते विषाणूचंच विकर, म्हणजे एन्झाइम. पुढचे दोन आपली पेशी जोडते. मग ते विषाणूच्या वाढत्या डीएनए साखळीत घुसतं आणि साखळी तिथेच खुंटते. झोपलेला विषाणू हे विकर बनवतच नाही, म्हणून औषधाने मुक्काम हलत नाही. चुरचुर सुरू होताच घेतलं तर उपयोग जास्त, अर्थात डॉक्टरांना विचारून.

आता थोडा राग. गोरं करणारी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही ट्यूबांत स्टेरॉइड असतं. त्याने तोंडाभोवती बारीक लाल पुटकुळ्यांची रांग उठते, ओठालगतची अरुंद पट्टी तेवढी मोकळी राहते. ट्यूब बंद केली की पुरळ आधी वाढतं, म्हणून माणूस घाबरून पुन्हा तीच लावतो. फोडांवर टूथपेस्ट आणि चुना फासणाऱ्यांबद्दल बोलायलाच नको.

भाचीची खपली नवव्या दिवशी पडली. तोवर तिचा टॉवेल वेगळा होता आणि घरातल्या तान्ह्या बाळाचे मुके बंद, कारण नवजात बाळाला हा विषाणू जिवावरचा ठरू शकतो. चटणी मात्र रोज होती, ओठाला लागू नये म्हणून भाकरीच्या घासात दुमडलेली.