आजोबा रोज फिरायला जातात, तरी पडतात का?

पहाटे उठून तासभर फिरून येणारे आजोबा बाथरूममध्ये पडले की घरातले सगळे चकित होतात. "एवढं चालतात, मग पडले कसे?" चालण्याने हृदय, रक्तातली साखर आणि झोप सुधारते. पण सपाट रस्त्यावर ओळखीच्या चालीने चालताना तोलाची परीक्षा होत नाही, त्यामुळे त्याचा सरावही होत नाही.

तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून माहिती लागते: डोळे, अंतर्कर्ण (कानाचा आतला भाग) आणि तळपाय व सांधे. मोतीबिंदू झाला की पहिली माहिती धूसर होते. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने तळपाय बधिर झाले की तिसरी कमी पडते. रात्री दिवा न लावता लघवीला उठलेल्या माणसाला डोळ्यांचाही आधार उरत नाही. त्यात भर स्नायूंची. वयाबरोबर झटकन आकुंचन पावणारे तंतू जास्त झिजतात, आणि ठेच लागल्यावर पाऊल चटकन पुढे टाकायला नेमके तेच लागतात.

यावर काय करता येतं, ते न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या जॉन कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ८० वर्षांवरच्या २३३ स्त्रिया होत्या. फिजिओथेरपिस्ट त्यातल्या सुमारे निम्म्या जणींच्या घरी जाऊन घोट्याला बांधायची वजनं देत, गुडघे वाकवणं, एका पायावर उभं राहणं, उलटं चालणं शिकवत आणि जमेल तसं अवघड करत नेत. पुढे अशा चार अभ्यासांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. ऐंशीनंतरही पाय शिकतात, हे मला या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून तपासते. तिच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्या तपासल्या होत्या. तोलाचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी आढळलं. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं, असं मात्र खात्रीने म्हणता आलं नाही.

घरी सुरुवात खुर्चीपासून करता येते. हात असलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईपर्यंत पुढे झुका आणि मग उठा. पुढे न झुकता उठू पाहणारा माणूस मागे कोलमडतो. बरेच जण इथेच अडतात. बसताना धपकन बसू नका, सावकाश टेका. आठ-दहा वेळा सहज जमू लागलं की हातांचा आधार सोडा. मग ओट्याजवळ उभं राहून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावा आणि दहा सेकंद थांबा. डगमगायला झालं पाहिजे, पण हात ओट्याच्या जवळच हवा. डगमगल्याशिवाय तोल सुधारत नाही. असे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आधी पडून झालं असेल किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करा. उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब आणि चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा. ते काम व्यायामाचं नाही.

एकदा पडलेल्या आईला मुलं मायेने सांगतात, "तू बसून राहा, आम्ही आणून देतो." ही माया महागात पडते. बसून पाय आणखी अशक्त होतात आणि भीतीने पावलं आखूड होतात. बाथरूमला पकडायची दांडी लावा, सरकणारं पायपुसणं काढा, रात्री छोटा दिवा ठेवा. पण तिला भाजी घ्यायला जाऊ द्या.

पडल्यावर उठायचं कसं, हेही आधीच शिकून घ्यावं. फिजिओथेरपिस्ट ते पलंगाशेजारी सतरंजीवर शिकवतात: आधी कुशीवर वळायचं, मग रांगण्याच्या स्थितीत यायचं, पलंगापर्यंत सरकायचं, दोन्ही हात पलंगावर टेकून बळकट पाय पुढे घ्यायचा आणि त्यावर जोर देऊन उठून पलंगावर बसायचं. खुब्यात तीव्र कळ असेल किंवा पाय टेकवत नसेल, तर उठायचं नाही. पांघरूण ओढून घ्यायचं आणि हाक मारायची.