सौर वीज आणि ग्रिडची वारंवारता (कोकण)

सौर प्रकल्पांच्या इन्व्हर्टरकडून (पॅनेलची एकदिश वीज प्रत्यावर्ती करणारे यंत्र) वीज कमी-जास्त करून घेऊन ग्रिडची, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामायिक जाळ्याची, वारंवारता ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० आवर्तने) आसपास राखण्याची पद्धत. मागणीपेक्षा निर्मिती कमी पडली की वारंवारता उतरते, जास्त झाली की चढते. भारतात ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात ठेवायची असते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिण ग्रिड देशाच्या उरलेल्या ग्रिडला जोडले गेले. तेव्हापासून राजापूरच्या घरात आणि लुधियानाच्या कारखान्यात आकडा एकच.

कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या पोफळीतल्या भूमिगत वीजगृहात वारंवारता ढळू लागली की जड जनित्रांच्या फिरण्यातली ऊर्जा पहिला धक्का सोसते. मग गव्हर्नर, म्हणजे जनित्राचा वेगनियंत्रक, पाणी कमी-जास्त सोडतो. सौर पॅनेलमध्ये फिरणारे काहीच नाही, सगळी भिस्त इन्व्हर्टरच्या सॉफ्टवेअरवर. वारंवारता चढली की निर्मिती उतरवणे त्याला सहज जमते. उतरली की मात्र वाढवायला काहीतरी राखून ठेवलेले लागते: एक तर प्रकल्प मुद्दाम कमी क्षमतेवर चालवायचा, नाहीतर बॅटरी जोडायची. पडलेले ऊन वाया घालवायला कोण तयार होणार? तंत्र आहे, घोडे अडते ते पैशापाशी.

२०१९ मधल्या नियमदुरुस्तीने ३३ केव्ही (किलोव्होल्ट) वा त्यावरच्या दाबाला जोडलेल्या, १० मेगावॉटहून मोठ्या नव्या सौर प्रकल्पांना असा प्रतिसाद देण्याची सोय सक्तीची केली. वारंवारता ०.३ हर्ट्झहून जास्त ढळली, तर एका सेकंदात क्षमतेच्या किमान १० टक्के फरक करता आला पाहिजे. छपरावरचे तीन किलोवॉट या नियमात बसत नाहीत. पण लहानांची गर्दीही नडते. जर्मनीत जुने इन्व्हर्टर ५०.२ हर्ट्झला एकदम बंद पडतील असे बेतलेले होते. ते लाखोंनी झाल्यावर त्यांची ही मर्यादा बदलून घ्यावी लागली.

कोकणात पावसाळ्याचे चार महिने ऊन बेभरवशाचे आणि रात्री ते नाहीच. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊला देशभर दिवे मालवले, मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटने घसरली आणि वारंवारता ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झमध्ये हेलकावली. तेव्हा तोल सांभाळला तो मुख्यतः जलविद्युतने. कोयनेचे पश्चिमेकडे वळवायचे पाणी कृष्णा पाणीतंटा लवादाने ठरवून दिलेले, मोजके. म्हणून दुपारी सौर विजेवर भागवून ते संध्याकाळसाठी राखणे, हा इथला सर्वांत व्यवहारी मेळ.

घरमालकांची तक्रार वेगळीच असते: लाईट गेली की छपरावरचे सोलरही बंद! खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून साधा ऑनग्रिड (ग्रिडच्या आधारानेच चालणारा) इन्व्हर्टर मुद्दाम थांबतो. ‘निसर्ग’सारख्या वादळानंतर घर उजळायचे तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टरच हवा.