‘एक रात्र कोठडीत टाका, पोट्टं सुधरते’

विहिरीवरची मोटर चोरताना पोट्टं सापडलं की पारावर सल्ला तयार: एक रात्र कोठडीत टाका, सरळ होते. सल्ला काळजीपोटीच असतो, पण होतं उलटं. अमेरिकेत पोरांना तुरुंग दाखवून घाबरवायचे. तपासायला चिठ्ठ्या टाकावं तसे दोन गट केले. एकाला तुरुंग दाखवला, दुसऱ्याला नाही. अशा चाचण्या एकत्र पाहिल्या, तर पुढं जास्त गुन्हे तुरुंग पाहिलेल्यांचेच.

शिवाय १८ वर्षांखालच्याला कोठडीत ठेवताच येत नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम १० वाचा.

पोट्टं वाट चुकतंय याची खूण आधी शाळेच्या हजेरीपटावर दिसते. कापूस वेचणी संपली, तरी नावापुढं गैरहजरच. मास्तरांनी तेव्हाच घरी चक्कर मारावी. १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन फुकट लागतो.