कंट्रोल-के नक्की कुणाचं?

मॅकवर लिहिताना माझं बोट सारखं कंट्रोल-के वर जातं. कर्सरच्या पुढचा मजकूर उडतो आणि कंट्रोल-वाय दाबलं की पाहिजे तिथे परत येतो, शिवाय आधी काही कॉपी करून ठेवलेलं असेल तर त्याला धक्का लागत नाही कारण याचा कप्पाच वेगळा आहे. परवा एका साइटवर लांबलचक उत्तर टाइप करत होते, वाक्याचा शेवट पटेना म्हणून कंट्रोल-के दाबलं तर मजकूर तसाच, वर सर्चचा बॉक्स उघडला, आणि हात चालूच होता त्यामुळे पुढचे पाच-सहा शब्द त्या बॉक्सात जाऊन पडले. फार चिडचीड होते अशा वेळी.

ही सवय आजची नाही. १९७६ साली एमआयटीमध्ये ईमॅक्स नावाचा एडिटर तयार झाला, त्यातल्या या किल्ल्या. पुढे नेक्स्ट या कंपनीच्या कॉम्प्युटर सिस्टिममधून त्या मॅकमध्ये आल्या, ओळीच्या सुरुवातीला जायला कंट्रोल-ए, शेवटी जायला कंट्रोल-ई वगैरे.

मग साइट मध्येच कशी आडवी येते? किल्ली दाबली की ब्राउझर ती आधी पानातल्या कोडला दाखवतो, आणि कोडने "प्रिव्हेंट डिफॉल्ट" म्हटलं की एडिटिंगचं नेहमीचं काम होतच नाही. टॅब बंद करण्यासारख्या मोजक्या किल्ल्या ब्राउझर पानाच्या हाती देत नाही, एडिटिंगच्या किल्ल्यांना मात्र असं कुणी राखत नाही. बरेचदा कोडमध्ये एकच अट असते, "कंट्रोल किंवा कमांड, आणि के", म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालावं. हेतू चांगलाच आहे, पण मॅकवर कमांड-के पुरेसं होतं, कंट्रोल-के उगाच गिळलं जातं. आणि विंडोजवर साध्या टेक्स्ट बॉक्समध्ये कंट्रोल-के मजकुराला काहीच करत नाही, त्यामुळे तिथे टेस्ट करणाऱ्याला हा घोळ दिसतच नाही.

विंडोजवाल्यांची अडचण वेगळी. तिथे इंग्लिश (इंडिया) कीबोर्डवर ₹ काढायला उजवा ऑल्ट आणि ४ दाबतात, पण विंडोज त्या उजव्या ऑल्टला कंट्रोल अधिक ऑल्ट असंच धरतं. साइटने कंट्रोल-ऑल्ट-४ हेडिंगसाठी ठेवलं असेल आणि उजवा ऑल्ट (ऑल्ट-जीआर) वेगळा तपासला नसेल, तर रक्कम लिहायला गेलात की ओळीचं हेडिंग होणार!

नुसत्या एका अक्षराचे शॉर्टकट तर बोलून टाइप करणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळतात. बोललेला शब्द बॉक्सच्या बाहेर पडला की त्यातलं एकेक अक्षर एकेक हुकूम होतं, मेल उडतात, पानं बदलतात. म्हणूनच २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, म्हणजे अपंगांनाही साइट वापरता याव्यात यासाठीच्या मार्गदर्शक नियमावलीत, नियम आला की असे शॉर्टकट बंद करता यावेत किंवा बदलता यावेत, नाहीतर तो भाग निवडलेला असतानाच चालावेत.

कोड लिहिणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं एवढंच की कर्सर टेक्स्ट बॉक्समध्ये आहे का ते आधी बघा आणि मॅक असेल तर फक्त कमांड धरा, दोन-चार ओळींचं काम आहे. तोवर मी शिफ्ट-कमांड-उजवा बाण दाबून ओळीचा उरलेला भाग निवडते आणि मग डिलीट करते, तीन बोटं गुंततात पण पुढचे शब्द सर्चच्या बॉक्सात तरी जात नाहीत.