गुर्लहोसूर, सुळेभावी, देवास : कुमार गंधर्वांच्या बंदिशींची पार्श्वभूमी

बेळगावात कुणाला कार्यक्रमाचं ठिकाण विचारलं की उत्तर येतं, "कुमार गंधर्वला आहे." म्हणजे कुमार गंधर्व रंगमंदिरात. नाव इतकं तोंडात बसलंय की ते माणसाचं आहे, आणि तो माणूस इथून हाकेच्या अंतरावरच्या गावात जन्मला, हे कित्येक तरुण मुलांना सांगावं लागतं. 2024 साली त्यांची जन्मशताब्दी झाली. तेव्हा त्यांच्या शास्त्रीय गाण्याबद्दल खूप बोललं गेलं. मला मात्र ते रचनाकार म्हणून, म्हणजे बंदिशी (रागात बांधलेली गीतं) रचणारे म्हणून, जास्त मोठे वाटतात, आणि त्या रचनाकाराची मुळं आपल्या या भागात शोधावीशी वाटतात.

कुमार गंधर्वांचं मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. त्यांचा जन्म 8 एप्रिल 1924 रोजी सांबऱ्याच्या पुढच्या सुळेभावीत झाला. घरची भाषा कन्नड, घराणं लिंगायत, वडील गाणारे. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला 1 नोव्हेंबर 1956 ला. पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा या रेल्वेमार्गावरून नाटक कंपन्या, गवई आणि ग्रामोफोनच्या तबकड्या यांची ये-जा चालत असे. इचलकरंजीकर बुवांची मिरज, अल्लादिया खाँचं कोल्हापूर, सवाई गंधर्वांचं कुंदगोळ ही गवयांची सगळी गावं या एकाच पट्ट्यातली. इथलं मूल कन्नड बोलत वाढलं तरी मराठी नाट्यपद त्याच्या कानाला परकं नसे.

हे कान घडण्यामागे त्याहून जुनी एक गोष्ट आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म 1843 चा. बेळगावात त्यांनी नोकरी केली, नाटकं बसवली आणि 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात 'शाकुंतल' हे संगीत नाटक रंगमंचावर आणलं. संगीत नाटकाचं जुनं पुस्तक उघडलं तर पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एक ओळ छापलेली दिसते. म्हणजे लोकांच्या ओठांवरची चाल घ्यायची आणि तिच्यात नवे शब्द बसवायचे. साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातली वळणं आणि कर्नाटकी चालीसुद्धा अण्णासाहेबांनी अशा वापरल्या. रचनाकाराचं पहिलं काम ऐकण्याचं, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांच्याच किर्लोस्कर मंडळीत 1905 साली बालगंधर्व आले.

सुळेभावीच्या शिवपुत्राचा कान तर विलक्षणच होता. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून तो त्या हरकतींसकट जशाच्या तशा म्हणून दाखवी. एका लिंगायत मठाच्या स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' म्हटलं ते यासाठीच. पण नक्कल करून गवई होता येत नाही. दहा-अकराव्या वर्षी मुलाला मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे पाठवलं, हे फार बरं झालं. देवधर मूळचे मिरजेचे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, आणि गायकीच्या सगळ्या घराण्यांची गाणी कुतूहलाने गोळा करणारे. कुमार एकाच घराण्याच्या कुंपणात अडकले नाहीत, याचं बरंचसं श्रेय त्यांच्याकडे जातं.

1947 मध्ये भानुमती कंस यांच्याशी लग्न झालं आणि त्याच सुमारास क्षयाचं निदान. कोरड्या हवेसाठी 30 जानेवारी 1948 ला ते माळव्यातल्या देवासला पोचले. गांधीजींची हत्या झाली तोच हा दिवस. पुढची पाच-एक वर्षं गाणं बंद. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आलं म्हणून जीव वाचला, पण एक फुप्फुस कायमचं अधू झालं. त्यांच्या छोट्या, तुटक तानांचं कारण लोक तिथेच शोधतात. मला ते अपुरं वाटतं. गाणं बंद असलेल्या त्या वर्षांत त्यांनी जे ऐकलं, ते जास्त महत्त्वाचं आहे.

खाटेवर पडल्या पडल्या त्यांच्या कानावर माळव्यातल्या बायकांची गाणी येत: लग्नाची, बाळंतपणाची, सणावारांची. त्यांतल्या कितीतरी धुना तीन-चार सुरांच्याच. कुमारांनी त्या जमवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि एक गोष्ट हेरली: राग आधी आणि धून नंतर असं नाही, धुनेच्या पोटात रागाचं बी असतं. ते बी वाढवून त्यांनी जे राग केले त्यांना धुनउगम राग म्हणतात. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, अहिमोहिनी, मधसुरजा.

मधसुरजा म्हणजे माथ्यावरचा सूर्य. त्या रागातली एक बंदिश जत्रेचा अनुभव असलेल्या माणसाने ऐकायलाच हवी. भर दुपारी देवीपुढे बळी द्यायला नेलेली बकरी आईला विनवते, मला वाचव, घरी माझं पिल्लू आहे. बंदिशींत नेहमी येणारा कृष्ण नाही, सखी नाही, सासू-नणंद नाहीत. ख्यालात बकरी बोलते! आपल्याकडच्या गावजत्रा पाहिलेल्यांना ती विनवणी कुठल्या उन्हातली आहे ते सांगावं लागत नाही.

या रचना 1965 साली 'अनूपरागविलास' या ग्रंथात आल्या. दुसरा भाग कुमार गेल्यावर, 1993 मध्ये निघाला. गांधी जन्मशताब्दीला त्यांनी गांधी मल्हार बांधला. वर्षा, हेमंत, वसंत अशा ऋतूंवर आणि कबीर, सूरदास, मीरा, तुलसीदास, तुकाराम यांच्यावर कार्यक्रम बसवले. 1977 मध्ये पद्मभूषण, 1990 मध्ये पद्मविभूषण. 12 जानेवारी 1992 ला देवासलाच त्यांचं निधन झालं.

कुमार कानडी की मराठी, हा वाद आमच्याकडे चहाच्या टेबलावर अजूनही निघतो. अशा वेळी मी 1965 च्याच एका कार्यक्रमाचं नाव घेतो: 'मला उमजलेले बालगंधर्व'. आडनाव कोमकळीमठ, बंदिशी माळव्याच्या बोलीत, आणि मराठीत मांडलेले बालगंधर्व. ज्या गाण्याची वाट गुर्लहोसूरच्या माणसाने घालून दिली होती, ते पंच्याऐंशी वर्षांनी सुळेभावीच्या माणसाने आपल्या परीने उलगडून लोकांपुढे ठेवलं. नकाशात ही दोन्ही गावं आजही एकाच जिल्ह्यात आहेत.