कोकणी घर आणि रीतभात

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील उतरत्या कौलारू छपराचे पारंपरिक घर. त्याचा आकार पावसाने ठरवला, पण आत कोण कुठवर येणार हे ठरवले रीतीभातींनी.

वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास कोसळणारा पाऊस भिंतीला लागू नये म्हणून वळचण पुढे काढतात. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या. हा दगड खाणीत मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. छपरावर पूर्वी गवत किंवा कुंभाराने घडवलेले नळे, म्हणजे अर्धगोल कौले, असत. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यानंतर हळूहळू मंगळुरी कौले रुळली.

खळे म्हणजे घरापुढचे अंगण, मग पडवी, ओटी, माजघर, देवघर अशी वाट आत जाते. आल्यागेल्याला ओटीवर बसवून आधी पाणी आणि गुळाचा खडा. माजघरात मात्र घरचाच माणूस जाई. अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना खळ्याच्या कडेलाच उभे केले जाई आणि पाळीच्या दिवसांत घरच्या बाईलाही बाजूला बसावे लागे. या घरांचे कौतुक करताना हा अन्याय झाकता येत नाही.

सगळ्यात मोकळी जागा खळ्याची. पावसाने उखडलेले खळे दिवाळीच्या सुमारास नव्याने करतात. माती पसरून पाणी शिंपायचे, लाकडी चोपण्याने चोपून सपाट करायची, मग शेणाने सारवायचे. चोपायला शेजारी येतात, आज आपल्याकडे, उद्या त्यांच्याकडे. तुळशीचे लग्न तिथेच लागते, मुलीच्या लग्नाचा मांडवही तिथेच पडतो आणि शिमग्यात काही गावांत देवाची पालखी थेट खळ्यात येते. पेव्हर ब्लॉक बसले की चोपायला कुणाला बोलवावे लागत नाही, याची खरोखर हळहळ वाटते.

जुनी घरे बहुधा भावकीची, सामाईक. चुली वेगळ्या झाल्या तरी अनेक घरांत गणपती एकच राहतो. दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावरून वर्षभर अबोला धरलेले भाऊ चतुर्थीला माटवी, म्हणजे गणपतीवरची सजवलेली लाकडी चौकट, बांधायला एकत्र येतात. माटवीला बांधायची कवंडळे, हरणे ही रानातली फळे-फुले, आंब्याचे टाळ, नारळ कोण आणणार हे ठरलेले असते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि पुढे केंद्राने २००५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींनाही हक्क दिला. तरी माहेरच्या घरातला हिस्सा मागणे अनेकींना आजही जड जाते.

चाकरमानी मुंबईला परतले की घराला कुलूप लागते. किल्ली शेजाऱ्याकडे ठेवलेली असते. तोच मधूनमधून दार उघडतो, वाळवी बघतो आणि सरकलेले कौल जागेवर बसवतो.